मात्रेचा शोध

‘रोगापेक्षां औषध भयंकर’ हे शब्द आपल्या लोकांच्या तोंडीं इतके रुळले आहेत कीं, त्यांत वैद्यकाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. रोग हटेल इतकें औषध द्यावें, पण रोग्याचें पुढील आयुष्यच हिरावलें जाईल इतकें देऊं नये. ही सीमा कोठें आंखावयाची? मुलांच्या व तरुणांच्या मेंदूंतील दुर्मिळ अर्बुदांवर जे उपचार झाले, त्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या एका सीमेचा शोध होय, असें आम्हांस वाटतें. त्या शोधांत महाराष्ट्राचाही वांटा आहे, म्हणून तो इतिहास येथें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

१९२५ सालीं अमेरिकेंत बेली व कुशिंग या दोघां डॉक्टरांनीं लहान मेंदूंत उद्भवणाऱ्या एका अर्बुदाचें वर्णन करून त्यास मेड्युलोब्लास्टोमा हें नांव दिलें. हा रोग मुख्यतः मुलांचा. शस्त्रक्रियेनें गांठ काढली तरी तिच्या पेशी मेंदू व पृष्ठरज्जु यांभोवतालच्या द्रवांतून पसरत आणि रोग पुनः डोकें वर काढी. १९५३ सालीं मँचेस्टर येथील एडिथ पॅटरसन व फार यांनीं संपूर्ण मेंदू व पृष्ठरज्जु यांवर किरण सोडण्याची पद्धति प्रसिद्ध केली, आणि एरवीं दगावणारीं मुलें वांचूं लागलीं.

पण वांचलेलीं मुलें मोठीं होऊं लागलीं तेव्हां या विजयाची किंमत दिसूं लागली. कोणाची उंची खुंटली. कोणाच्या अंतःस्रावी ग्रंथींचें काम मंदावलें. कोणास वाचलेलें आठवेना, सोपें गणित सोडविण्यासही फार वेळ लागे. उपचाराच्या वेळीं वय जितकें लहान, तितकी ही हानि अधिक. ज्या किरणांनीं रोग जाळला, त्यांनींच वाढत्या मेंदूसही चटका दिला होता.

तेव्हां शोधाची दिशा पालटली. किती किरण सोसतील, हा प्रश्न मागें पडून किती कमी किरण पुरतील, हा पुढें आला. येथें केमोथेरपी, म्हणजे रासायनिक औषधें, साहाय्यास आलीं. तीन वर्षांखालील मुलांना शस्त्रक्रियेनंतर प्रथम तीं औषधें देऊन किरणोपचार पुढें ढकलतां येतो, असें १९९३ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं दाखविलें. शरीरांत शोषल्या गेलेल्या किरणशक्तीचें माप ग्रे या एककांत करतात. ज्यांचा रोग पसरलेला नव्हता अशा ६५ मुलांत, सबंध मेंदू व पृष्ठरज्जु यांवरील मात्रा ३६ ग्रेवरून २३.४ ग्रेवर उतरवून तिला औषधांची जोड दिली, तरी सुमारें ७९ टक्के मुलांत पांच वर्षें रोग उलटला नाहीं. पॅकर व त्यांचे सहकारी यांनीं हें १९९९ सालीं जाहीर केलें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. २००१ ते २०१२ या काळांत तेथील डॉ. राकेश जलाली व त्यांचे सहकारी यांनीं, मेंदूंत सावकाश वाढणारीं अर्बुदें असलेल्या ३ ते २५ वर्षें वयाच्या २०० रुग्णांचे सोडतीच्या पद्धतीनें दोन गट केले. मात्रा दोन्ही गटांस एकच. सहा आठवड्यांत तीस वेळां मिळून ५४ ग्रे. फरक एवढाच कीं, एका गटास जुन्या रीतीनें किरण दिले, तर दुसऱ्यास गांठेच्या आकाराबरहुकूम बेतून, भोंवतालचा निरोगी मेंदू शक्य तितका वांचवून दिले. शिंपी अंगाचें माप घेऊन कापड बेततो, तसेंच हें. आणि कापडावर जगणाऱ्या आमच्या सोलापुरांत बेतण्याचें महत्त्व कोणास सांगावयास नको. २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगण्याच्या प्रमाणांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. पण पांच वर्षांत अंतःस्रावी ग्रंथींचा नवा बिघाड जुन्या रीतीच्या गटांत ५१ टक्क्यांस झाला, तर बेतलेल्या रीतीच्या गटांत ३१ टक्क्यांस. आणि बुद्धीची जपणूकही या दुसऱ्याच गटांत अधिक चांगली झाली.

तथापि, कमी तें सर्वच चांगलें, असा अर्थ कोणी काढूं नये. मेड्युलोब्लास्टोमा हा एक रोग नसून त्याचे निदान चार प्रकार आहेत, हें २०१२ सालापर्यंत सर्वमान्य झालें. त्यांतील डब्ल्यूएनटी हा प्रकार सर्वांत सौम्य. म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीं अशा कांहीं मुलांत मेंदू-कण्यावरील किरण अजिबात वगळून, केवळ मूळ जागेवर किरण व जोडीस केमोथेरपी, असा प्रयोग केला. रोग इतरत्र उलटूं लागल्याचें दिसतांच त्यांनीं तो मध्येंच थांबविला, आणि २०२२ सालीं तें अपयश उघडपणें छापून प्रसिद्ध केलें. आमच्या मतें हें अपयश वरील यशाइतकेंच मोलाचें आहे. मात्रेची खालची सीमा कोठें आहे, तें त्यामुळें कळलें, आणि इतरत्र त्याच वाटेनें जाणारीं मुलें वांचलीं.

अशा शोधाचा पाया मोजणी हा असतो. आमच्या जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं ग्रामीण भागांतील कर्करोग्यांची नोंदवही सुरू झाली. खेड्यांतील लोकांसाठीं अशी नोंद ठेवण्याचा हिंदुस्थानांतील हा पहिला उपक्रम होय. परंतु किती रोगी झाले व किती जगले, एवढ्यावर ही मोजणी संपत नाहीं. ५१ आणि ३१ या आंकड्यांमागें वर्षानुवर्षें तपासणीस परत येणारीं मुलें आणि गाडीभाडें सोसून त्यांस घेऊन येणारे आईबाप आहेत. मूल बरें दिसतें म्हणून तीं आलीं नसतीं, तर हें ज्ञान झालेंच नसतें.

डॉक्टरांचें काम संपतें तेथें आम्हां शिक्षकांचें सुरू होतें. उपचारांतून उठलेला विद्यार्थी वर्गांत परत येतो, तो पूर्वींच्याच वेगानें लिहील, अशी अपेक्षा धरणें अन्यायाचें आहे. त्यास परीक्षेंत थोडा अधिक वेळ आणि उत्तरासाठीं थोडी अधिक वाट पाहणें, एवढें आपल्या हातीं आहे. ज्या बुद्धीच्या रक्षणासाठीं शास्त्रानें शंभर वर्षें मात्रेचा एवढा हिशेब केला, तिला शाळेच्या दाराशीं आळशी म्हणून हिणवणें शोभणार नाहीं.