मुलांना न सांगितलेल्या गोष्टी



गेल्या आठवड्यात पुण्याहून नातीचा फोन आला. ती आठवीत आहे आणि वाचनाचं तिला भलतंच वेड. सध्या ती जी पुस्तकं वाचते त्यांत मुलांच्या जिवावर काहीतरी बेतलेलं असतं, कुणाचे आईवडील गेलेले असतात, घरातल्या मोठ्यांनी काहीतरी लपवून ठेवलेलं असतं. तिनं विचारलं, "आबा, तुमच्या वेळी मराठीत अशी पुस्तकं होती का? की सगळी आपली बोध करणारी?"

मी म्हटलं, "विचार करून सांगतो." छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसानं असं उत्तर द्यावं याची माझी मलाच लाज वाटली. पण विचार करायला बसलो आणि पुस्तकांच्या आधी आठवली ती आमची आत्याआजी.

माझ्या वडिलांची ही आत्या. रोह्याला, कुंडलिकेच्या बाजूला आमचं जुनं घर होतं, तिथं ती असायची. आम्ही पेणला राहायचो. मे महिन्याची सुट्टी लागली की एस्टीनं वडखळ, नागोठणं करत भिसे खिंडीतून रोह्याला जायचं, हा नेम. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर आणि सतत कामात असलेले हात, एवढीच तिची आठवण. तिला वाचता येत नाही असं घरात सगळे धरून चालायचे. आलेली पत्रं ती आम्हा मुलांकडून वाचून घ्यायची आणि मन लावून ऐकायची. ती गेली तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. तिची पेटी उघडली तर तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक पुस्तक निघालं. वरचं पान गेलेलं, कोपरे हाताळून मऊ झालेले. वडिलांनी ते चाळलं, परत गुंडाळलं आणि मला म्हणाले, "हे कुणाजवळ बोलू नकोस."

ते पुस्तक कोणतं, हे मला पुढे बी. ए. ला गेल्यावर कळलं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' अभ्यासाला होती. वाचता वाचता एक प्रसंग आला आणि वाटलं, हे पान आपण कुठंतरी पाहिलंय.

हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं, तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सव्वीस. त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमू नावाची मुलगी स्वतःच आपली हकिकत सांगते. माहेरचा धाक, सासरचा जाच, नवऱ्यानं हौसेनं दिलेलं शिक्षण, आणि नवरा गेल्यावर घरातल्याच मोठ्या माणसांनी बळजबरीनं केलेलं तिचं केशवपन. यातलं एकही संकट बाहेरून येत नाही. चोर नाही, दरोडेखोर नाही. सगळं भय घरातल्या माणसांचं. आणि शेजारीपाजारी, नातेवाईक सगळ्यांना सगळं माहीत असूनही कुणी बोलत नाही. नातीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथंच आहे. अशी पुस्तकं होती, ती लहान मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती इतकंच.

दुसरं पुस्तक अर्थातच 'श्यामची आई'. आमच्या पेणकरांना यात जरा जास्त अभिमान, कारण आमच्या तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं. १९३५ साली ते छापून आलं. आम्ही मास्तर लोकांनी त्याचं केलं काय, तर संस्काराचं पुस्तक करून टाकलं. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, वगैरे. पण मूळ पुस्तक पुन्हा वाचा. ते एका बुडत चाललेल्या कुटुंबाचं पुस्तक आहे. भाऊबंदकी, कर्ज, सावकाराच्या माणसानं दारात येऊन केलेला अपमान, आजारपण, आणि श्याम घरी पोचेपर्यंत गेलेली आई. आपल्या घराची लक्तरं एखाद्यानं इतकी उघडपणे मांडावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

एकदा सातवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, साने गुरुजी कशानं गेले?" मी म्हटलं, "आजारी होते." ते खोटं होतं. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं, हे मला पक्कं माहीत होतं. मुलांपुढे तो विषय नको, असं वाटलं. त्या मुलीनं मान हलवली खरी, पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला उत्तर ठाऊक आहे आणि ती फक्त मी काय सांगतो ते बघत होती. त्यानंतर तिनं मला वर्गात फारसं काही विचारलं नाही. हे मला अजून सलतं.

मुलांना खरी मजा यायची ती भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर स्वार, आणि 'ट्टॉक' करून संकटात उडी घेणारा! ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती देणारे भागवतच. ती पुस्तकं मी वर्गात आनंदानं वाचून दाखवली. त्यात धोका असतो, पण तो बाहेरचा. शेवटी बदमाश पकडले जातात आणि मुलगा जेवायला घरी येतो. घर शाबूत असतं.

पण सगळ्यांचंच घर शाबूत राहत नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला पूर आला. सुधागडातलं जांभूळपाडा आणि आमच्या वाटेवरचं नागोठणं, दोन्ही गावांवर पाणी फिरलं. माणसं गेली, संसार वाहून गेले. ज्यांनी तो पाऊस पाहिला त्यांना अधिक सांगायला नको. तेव्हा मी ज्या शाळेत होतो तिथं महिन्याभरानं एक मुलगा नव्यानं आला, मामाकडे राहायला. त्याची आई पुरात गेली होती. शिक्षकांच्या खोलीत आमचं ठरलं की त्याच्यासमोर तो विषय काढायचा नाही.

ऑफ तासाला मी 'श्यामची आई' थोडं थोडं वाचून दाखवत असे. आईच्या मरणाचं प्रकरण आलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आज फास्टर फेणे वाचू." तर मागच्या बाकावरून तोच मुलगा म्हणाला, "सर, तेच वाचा ना." सगळा वर्ग गप्प. मी वाचलं. मध्ये एकदा आवाज अडकला, तो माझा. तास संपल्यावर तो जवळ आला आणि पहिल्यांदाच आपल्या आईबद्दल बोलला. ती भाकऱ्या कशा थापायची, एवढंच. आम्ही सगळ्या शहाण्या माणसांनी मिळून महिनाभर त्याचं तोंड बंद केलं होतं. ते उघडलं पुस्तकानं.

पुढे प्रकाश नारायण संतांचा लंपन भेटला. 'वनवास' १९९४ साली आलं. आजीआजोबांकडे राहणारा, घरी परत जायची ओढ लागलेला हा मुलगा, आणि पुढच्या पुस्तकात त्याचे वडील जातात. संतांचे स्वतःचे वडील १९४६ मध्ये गेले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. नवव्या वर्षीचं दुःख लिहायला माणसाला जवळजवळ पन्नाशी ओलांडावी लागली! मग २००४ साली मिलिंद बोकिलांची 'शाळा' आली. आणीबाणीच्या दिवसांतली नववी, आणि मोठ्यांपासून लपवलेलं कोवळं प्रेम. तिथं तर मुलंच गुपित ठेवतात, कारण मोठ्यांना सांगून उपयोग नाही हे त्यांना कळलेलं असतं. ते वाचताना मला सातवीतली ती मुलगी आठवली.

तर नातीला मी काल फोन केला. पुस्तकांची यादी दिली आणि मग म्हटलं, "आता घरातली एक गोष्ट सांगतो."

माझ्या वडिलांनी जायच्या आदल्या वर्षी ती मला सांगितली होती. आत्याआजी बाराव्या वर्षी विधवा झाली. तिचं केशवपन सासरच्यांनी नव्हे, तिच्या जन्मदात्या वडिलांनी करवलं. ती ओरडू नये म्हणून तिला माजघरात कोंडलं होतं. म्हणजे माझ्या पणजोबांनी. त्यांचा फोटो अजून आमच्या पेणच्या घरात चंदनाच्या हारासकट आहे. तिचा भाऊ, म्हणजे माझे आजोबा, तिच्याहून लहान. त्यांनी रात्री दिव्याच्या उजेडात चोरून तिला अक्षरं शिकवली आणि पुढे कधीतरी ते पुस्तक आणून दिलं. शिकल्याचं कळलं तर तेही काढून घेतील म्हणून तिनं जन्मभर अडाण्याचं सोंग केलं.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, तिचं नाव काय होतं?"

मला आत्याआजी एवढंच माहीत होतं. तिचं माहेरचं नाव आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. आमच्या गोतावळ्यातल्या कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. ती वाट बघतेय.