चाकं चार, ओढणारी किती?

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला इतिहास म्हणजे मागच्या वर्षीचा ताळेबंद. पानिपतची सनावळी आम्ही दहावीच्या पेपराबरोबरच परीक्षकांच्या स्वाधीन केली आणि त्यावाचून बँकेत आजवर काही अडलं नाही. मात्र बँकेची नोकरी माणसाला एक खोड लावते. समोर कर्जाचा अर्ज आला, की अर्जदाराच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याचा पूर्वेतिहास पाहायचा. चेहरे काय, सगळ्यांचेच प्रामाणिक असतात. त्यातून बुडवणाऱ्यांचे तर अधिकच.

गेल्या वर्षी आमच्या घरात लहान एसयूव्ही घेण्याची टूम निघाली. लहान एसयूव्ही म्हणजे बाहेरून जीपसारखी दांडगी, आतून दिवाणखान्यासारखी मऊ आणि लांबीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगात कशीबशी मावणारी गाडी. चिरंजीवांची अट अशी, की ती 'ऑल व्हील ड्राइव्ह' हवी. म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचली पाहिजे. सौ.ची अट अशी, की आत बसताना वाकावं लागू नये आणि उतरताना उडी मारावी लागू नये. माझी अट कुणी विचारली नाही, कारण हप्ते माझ्याच पगारातून जायचे होते. तेव्हा मी मला येतं तेवढंच केलं. अर्जदाराची फाइल उघडली.

आता साध्या मोटारीत काय असतं? दोन चाकं गाडी ओढतात आणि उरलेली दोन नुसती बरोबर येतात. आमच्या शाखेतही कामाची वाटणी साधारण अशीच असल्यामुळे हे मला चटकन समजलं. या फुकट्या दोन चाकांनाही कामाला लावावं, हा विचार अगदी जुना आहे. नेदरलंड्समधल्या स्पायकर बंधूंनी १९०३ साली पेट्रोलवर चालणारी अशी गाडी बनवली. चारही चाकांना ताकद, चारही चाकांना ब्रेक आणि सहा सिलिंडरचं इंजिन! हेगच्या लौमन संग्रहालयात ती आजही उभी आहे. पण ती बनवली होती शर्यतीसाठी आणि चढणी चढण्यासाठी. बायको, दोन मुलं आणि लोणच्याची बरणी घेऊन कुठं जायचं, हा विचार तिच्या जन्मवेळी कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

चारी चाकं ओढू लागली, की भांडण होतं ते वळणावर. शाळेतलं संचलन आठवा. रांग वळली, की आतल्या पोराने जागच्या जागी पाय आपटायचे आणि बाहेरच्या पोराने धावत सुटायचं. चाकांचंही तसंच, बाहेरच्या चाकाला जास्त अंतर पडतं आणि पुढच्या चाकांची वाट मागच्यांहून निराळी असते. पुढची-मागची चाकं एकमेकांना पक्की जखडली, तर कोरड्या डांबरावर वळताना ती एकमेकांशी झगडतात. चिखलात झगडा होत नाही, कारण तिथे घसरायला सगळ्यांनाच मोकळीक. म्हणून जुन्या जीपला वेगळा दांडा असे. चिखल आला की टाका, डांबर आलं की काढा.

जीपचा विषय निघालाच आहे तर तिची जन्मकथा सांगितली पाहिजे. १९४० साली अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं धाडली, की आम्हाला हलकी, चारी चाकं ओढणारी गाडी पाहिजे, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करा. एकोणपन्नास दिवस! आमच्याकडे एवढ्या दिवसांत गृहकर्जाच्या फाइलला नुसता नंबर पडतो. ही मुदत बँटम नावाच्या लहानशा कंपनीने पाळली. कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअराने काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या दारात उभी केली. मग सैन्याने काय करावं? बँटमचा कारखाना लहान म्हणून मोठं काम विलीज आणि फोर्ड यांना दिलं. त्यांनी युद्धात सहा लाखांवर जीपा बनवल्या आणि बँटमच्या वाट्याला आले ट्रेलर. ज्याने कल्पना मांडायची त्याने मागून ओढलं जायचं, हा नियम केवळ आमच्या हेड ऑफिसातच आहे असं नव्हे.

आपल्याकडे ही जीप आली ती महिंद्रांच्या हातून. १९४५ साली कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली पाटीवर 'महिंद्रा अँड महिंद्रा' आलं. आद्याक्षरं तीच राहिली, एवढाच काय तो काटकसरीचा भाग. ही कंपनी मुंबईत विलीजच्या जीपा जुळवू लागली. पुढे जीप म्हणजे सरकार असं समीकरणच झालं. जीपमधून मामलेदार उतरे, जंगलखात्याचा साहेब उतरे, निवडणुकीत उमेदवार उतरे, आणि पुढे वडापच्या जीपमधून तर किती जण उतरले याची मोजदाद उतरणाऱ्यांनाही नसे. पण कुटुंबाची गाडी म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. पाठीचे मणके हादेखील कुटुंबाचाच भाग आहे.

मग ही चारी चाकांची ताकद घरगुती गाडीत शिरली कशी? माझ्या मते फाइलमधला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. उत्तर जपानात बर्फ फार. तिथल्या तोहोकू वीज कंपनीच्या लाइनमनांना हिवाळ्यात तारा दुरुस्त करायला जीपसारख्या गाड्यांतून जावं लागे, आणि त्या गाड्यांत बिचारे थंडीने कुडकुडत. सत्तरच्या सुमारास कंपनीने सुबारूच्या स्थानिक विक्रेत्याला सांगितलं, बाबा रे, मोटारीसारखी ऊबदार आणि जीपसारखी चढणारी गाडी करून दे. त्याने सुबारूच्या गाडीला दुसऱ्या कंपनीच्या गाडीचे मागचे भाग जोडून ती करून दिली. त्यातून १९७२ साली सुबारूची चारी चाकं ओढणारी लिओनी बाजारात आली. म्हणजे आजच्या या ऐटबाज गाड्यांच्या कुळाचा मूळ पुरुष कुणी उमराव नव्हे, तर खांबावर चढणारा वायरमन!

पुढची वंशावळ थोडक्यात सांगतो. १९७७ साली रशियाची लाडा निवा आली, १९८० साली आउडी क्वात्रो आली, १९९४ साली टोयोटाची रॅव-फोर आणि १९९५ साली होंडाची सीआर-व्ही. या शेवटच्या दोघींनी जीपचा सांगाडा टाकून मोटारीचा घेतला आणि लहान एसयूव्ही नावाची जात तिथून फोफावली. सीआर-व्हीत डिकीच्या तळाची फळी काढून पाय उघडले, की सहलीचं टेबल तयार व्हायचं. युद्धावर निघालेली गाडी पंचावन्न वर्षांत बटाटेवडे मांडण्यापर्यंत पोचली. याला मी प्रगतीच म्हणतो. तिच्यात दांडा टाकायची भानगडही नव्हती. एरवी पुढची चाकं ओढत. ती घसरून मागच्यांहून जोरात फिरू लागली, की तेलाचा दाब वाढून क्लच धरायचा आणि मागची चाकं आपोआप कामाला लागायची. बोलावल्याशिवाय यायचं नाही आणि बोलावल्यावर नाही म्हणायचं नाही. असा शिपाई आमच्या शाखेला मिळाला असता तर!

आपल्याकडे मात्र लहान गाडी म्हणजे काय, हे इंजिनिअरांनी नव्हे तर अर्थमंत्र्यांनी फूटपट्टी घेऊन ठरवलं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तशा गाड्यांना १८ टक्के जीएसटी आणि मोठ्यांना ४० टक्के. साहजिकच कारखानदार चार मीटरांच्या आत जीव मुठीत धरून गाड्या बसवू लागले. मागच्या चाकांपर्यंत ताकद न्यायची तर जागा लागते, वजन वाढतं, पेट्रोल जास्त जातं आणि किंमतही चढते. म्हणून आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक लहान एसयूव्ही दिसायला सेनापती असल्या, तरी ओढतात पुढच्या दोनच चाकांवर. २०१४ साली डस्टर आणि २०२२ साली ग्रँड विटारा चारी चाकांच्या ताकदीसह मिळू लागल्या. पण त्या चार मीटरांच्या बाहेरच्या.

एवढा अभ्यास करून आम्ही सहकुटुंब गाडी चालवून पाहायला गेलो. विक्रेत्या मुलाने आम्हाला शहरातल्या उड्डाणपुलावरून एक चक्कर मारवली. "सर, फरक जाणवला?" त्याने विचारलं. कोरड्या डांबरावर मागची चाकं रजेवर होती, जाणवायचं काय? सौ. म्हणाली, "अहो, सीट मात्र छान उंच आहे." उंच सीटला चारी चाकं लागत नाहीत, हे मी मनात टिपून ठेवलं. आणखीही दोन गोष्टी टिपल्या. ही ताकद गाडी हलायला आणि चढायला कामी येते, थांबायला नाही; ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. आणि चारी टायर सारखे झिजलेले हवेत. एक फाटला तरी चारांचं बिल येऊ शकतं.

मग फाइल तिथेच बंद का केली नाही? कारण आमचे आबा. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, मुक्काम रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव. डांबरी रस्ता खाली संपतो आणि घरापर्यंत लाल मातीची खडी चढण. मृगापासून दसऱ्यापर्यंत तिथे साधी गाडी चढत नाही. चाकं जागच्या जागी फिरून आपल्यावरच चिखल उडवतात. दोन वर्षांपूर्वी भर आषाढात आबांच्या छातीत दुखू लागलं. वाडीतल्या चार जणांनी खुर्चीला बांबू बांधले आणि त्यांना त्या उतारावरून खाली आणलं. आठ पाय, आणि प्रत्येक पाय आपापली जागा चाचपत टाकलेला. मी इथून फोनवर ऐकत होतो. कुणाचा पाय सरकला, की सगळे एकदम गप्प होत. आठवड्याने आबा घरी परतले आणि म्हणाले, "चौघांनी उचलून नेलेला माणूस परत आला, असं आपल्या वाडीत पहिल्यांदाच झालं." सगळे हसले. मला हसू आलं नाही. चिरंजीवांची अट नुसत्या ऐटीची नव्हती, हेही मला ठाऊक होतं. त्या रात्री फोनच्या दुसऱ्या कानाला तोच होता.

म्हणून निर्णयापूर्वी मी फाइल पुन्हा चाळली. ही गाडी आजवर खरोखर कुणी मागितली? सैन्याने आणि वायरमनने. त्यांना रोज नव्या आडवाटेने जायचं होतं, रस्ता आधी बांधून ठेवणं शक्य नव्हतं. मला एकाच चढणीने जायचं आहे. शिवाय गाडी माझ्याकडे, शहरात. दुखणं तिकडे, आठ तासांवर. माझी चारी चाकं पोचेपर्यंत त्या चौघांनाच खांदा द्यावा लागणार. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, मग वाटच धड कर ना! सबंध नको. चाकांपुरत्या दोन चाकोऱ्या."

साध्या गाडीच्या आणि चारी चाकांच्या गाडीच्या किमतीतला फरक, अधिक त्यावरचं सात वर्षांचं व्याज, ही रक्कम मी कागदावर मांडली. मग वाडीतल्या गवंड्याकडून अंदाज घेतला. वाळू वाहून आणायला वाडीतली पोरं तयार झाली. त्यात ते चौघेही होते. वैशाखात काम झालं. जांभ्या दगडाच्या भरावावर सिमेंटच्या दोन पट्ट्या, पाय आणि चाक घसरू नये म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या. गाडी आम्ही पुढच्या दोन चाकांवर ओढणारी, उंच सीटची घेतली. चाकोरीतलं आयुष्य जगल्याबद्दल बँकेतल्या माणसाला लोक हसतात. मी तर आता पैसे मोजून चाकोरी विकत घेतली आहे.

उन्हाळ्यात गाडी आणि रुग्णवाहिका दोन्ही वर नेऊन पाहिल्या, चढल्या. मृग लागायला अजून दहा दिवस आहेत. आबांनी आत्ताच बजावलंय, की पहिल्या पावसानंतर शेवाळ धरेल, तेव्हा खराटा घेऊन ये.