हृदयाच्या उत्सर्जनक्षमतेचे मापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हृदयविफलतेच्या रुग्णाचा अहवाल हाती येताच डॉक्टरांची नजर प्रथम ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ या आकड्याकडे जाते. डाव्या निलयात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, हे तो सांगतो. या मापनाचा इतिहास पाहता, मोजण्याच्या साधनाने रोगाच्या व्याख्येलाही आकार दिला असे दिसते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात आढावा घेतला आहे.

गणितापासून नळीपर्यंत :
विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात एक साधा हिशोब मांडला. एका ठोक्यात अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात हृदयाचे हजार ठोके होतात, असे धरले तरी ते रक्त संपूर्ण शरीरातील रक्ताहून अधिक भरते. अर्थात तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे.

१८७० मध्ये जर्मनीतील वुर्ट्झबर्ग येथे अॅडॉल्फ फिक यांनी मापनाचे तत्त्व सांगितले. शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर प्राणवायू घेत असेल आणि धमनी व शिरा यांतील रक्तात दर लिटरमागे ५० मिलिलिटरचा फरक असेल, तर हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फेकते. मात्र त्यासाठी हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त हवे होते. १९२९ मध्ये वर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातील शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत सरकवून क्ष-किरण चित्र घेतले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कुर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ही पद्धत रुग्णांसाठी विकसित केली. १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून मिळाले.

ध्वनिलहरी आणि टक्केवारी :
१९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर व हेलमुथ हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधणारे ध्वनियंत्र हृदयावर वापरले. त्यातून विकसित झालेल्या इकोकार्डिओग्राफीमुळे नळी न घालता मापन शक्य झाले आणि टक्केवारी सर्वत्र रूढ झाली.

परंतु टक्केवारी हे गुणोत्तर आहे. निलयात १२० मिलिलिटर रक्त भरून ७२ मिलिलिटर बाहेर पडले तर ६० टक्के. ताठर निलयात ८० मिलिलिटरच भरून ४८ बाहेर पडले तरीही ६० टक्केच. दुसऱ्या रुग्णाला धाप लागते, पाय सुजतात; आकडा मात्र निर्दोष राहतो. औषधांच्या अनेक मोठ्या चाचण्यांतही कमी आकड्याचेच रुग्ण घेतले गेले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सॉल्व्हड’ उपचार-चाचणीत ३५ टक्के वा त्याहून कमी ही अट होती. परिणामी ज्यांचा आकडा चांगला, त्यांच्यासाठी सिद्ध औषधांची उणीव दीर्घकाळ राहिली. २०२१ मध्ये ‘एम्परर-प्रिझर्व्ड’ चाचणीत, ४० टक्क्यांहून अधिक आकडा असलेल्या रुग्णांत एम्पाग्लिफ्लोझिनमुळे प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले.

समारोप :
२०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने लक्षणे व चिन्हे, त्यांमागील हृदयाच्या रचनेतील वा कार्यातील दोष आणि त्यांना दुजोरा देणारा पुरावा यांना निदानाचा आधार मानले; टक्केवारी वर्गीकरणापुरती ठेवली. हार्वे यांनी आकड्याचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी केला होता. आकड्यालाच उत्तर मानले की रुग्णाची धाप नजरेआड होते, हाच या इतिहासाचा बोध आहे.