भूगोलाचा खेळ

लंडनमध्ये 1759 साली जॉन जेफरीज यांनी युरोपच्या नकाशाचाच पट केला. खेळाडू म्हणजे प्रवासी. घरं गावांची, आणि त्याच सुमारास श्रीमंतांची तरुण मुलं युरोपभर जी शिक्षणयात्रा करत, तिचीच ही घरबसल्या आवृत्ती. फासे जुगाराचे, म्हणून आकडे घातलेला छोटा भोवरा फिरवायचा. रोमला थांबलात, की पोपच्या पायाचं चुंबन घेतल्याबद्दल थेट थंडगार आइसलँडला हद्दपारी आणि तीन डाव बाद! प्रॉटेस्टंट इंग्लंडचा सगळा पूर्वग्रह त्या एका घरात सापडतो. पण आइसलँड कुठे, हे मुलाच्या डोक्यात पक्कं बसत असणार.

काही वर्षांतच कोरीव नकाशे करणाऱ्या जॉन स्पिल्सबरी यांनी पातळ लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवत चालवली. तुकडे आजच्या जिगसॉसारखे एकमेकांत अडकत नसत. टेबलाला धक्का लागला की फ्रान्स स्पेनपासून सुटे.

इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जच्या मुलांनाही त्यांच्या गव्हर्नेस लेडी शार्लट फिंच असे कापलेले नकाशे देऊन भूगोल शिकवत. फिंच यांची हे नकाशे ठेवायची लाकडी कपाटं अजून जपलेली आहेत.