खिडकी सोडली, तर मराठीचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे कित्येक घरांतले धडधाकट कॉम्प्युटर एका तारखेत म्हातारे ठरले. मग "लिनक्स टाकून बघू का?" सुरू झालं. लोणी काळभोरच्या आमच्या काकांनीही विचारलं, पण त्यांचा पुढचा प्रश्न जास्त मोलाचा होता: "त्यात माझं मराठी चालेल का रे?"

मंडळी, हा प्रश्न पंचवीस वर्षं जुना आहे. घरगुती माणूस विंडोजला का चिकटला, याची कारणं आपण आयटीवाले गेम्स, ऑफिस, सवय अशी सांगतो. माझ्या मते मराठी घरात खरं कुलूप अक्षरांचं होतं.

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सने हेलसिंकीत आपला कर्नल जाहीर केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. कागदोपत्री दोघं जुळे भाऊच. पण गाठ पडायला दहा वर्षं गेली, आणि तोवर मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी, आकृती वगैरे असं ठरून गेलं होतं. या जुन्या फॉन्टांची युक्ती साधी होती. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे: इथे काना, तिथे अर्धा स. कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नव्हतंच! फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की डॉलर, टक्के आणि उद्गारचिन्हांची भेळ. टायपिंगचं सॉफ्टवेअरही बहुतेक विंडोजवरच चालणारं. वर्डऐवजी ओपनऑफिस वापरता आलं असतं, पण स्वतःची अक्षरं कुठून आणायची?

विंडोजची तरी काय ऐट होती म्हणा. विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती. एक्सपीला (२००१) यायची, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. आपल्याकडे मूळ सीडी किती जणांकडे होती हे न विचारलेलंच बरं. त्यात २००३ ला ब्लास्टर आणि २००४ ला सॅसर हे वर्म आले. कशावर क्लिकही करायला नको, नुसतं नेटला जोडलं की लागण. वैतागलेल्या माणसाने लिनक्सकडे बघावं असा हाच काळ, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं. सातशे एमबीची सीडी ५६ के मोडेमवरून, पूर्ण वेगाने सुद्धा, २८ तासांत उतरली असती. म्हणून उबुंटूवाले सीडी पोस्टाने घरपोच पाठवायचे, चकटफू. ही सोय २०११ पर्यंत होती.

सीडी आली, मराठीचं काय? नुसता फॉन्ट पुरत नाही. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो आणि मग वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसायला हवी. जोडाक्षरं, रफार यांचीही जुळणी हवी. हे काम जीनोम २ मध्ये (२००२) पँगो नावाची लायब्ररी करू लागली. मुंबईच्या इंडिकट्रान्सने गार्गी हा मुक्त फॉन्ट दिला. मग २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट मोकळे केले. लोहित म्हणजे लाल, टोपीच्या रंगाचं नाव. गंमत पुढेच आहे. ही अक्षरं पुरवली होती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीच्याच कंपनीने! ज्या घराने विंडोजवर मराठी पोचवलं, त्याच घरातून लिनक्सलाही देवनागरी मिळाली. २०११ मध्ये लोहितचं लायसन्स आणखी सैल झालं. 'ॲप' मधल्या ॲ ला मात्र युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळायला २००८ उजाडलं. मराठीला थांबायची सवय आहेच.

त्यामुळे आज नवीन लिहायचं असेल तर उत्तर सरळ 'हो' आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे तोच, बोटांना वेगळी शिकवणी नको.

अडचण जुन्या फाइलींची आहे: वीस वर्षांपूर्वीचे भजनी मंडळाचे हिशेब, लग्नपत्रिका, आजोबांच्या आठवणी. त्यांना युनिकोडमध्ये आणायला प्रत्येक फॉन्टचा वेगळा तक्ता लागतो, आणि तुकड्याला तुकडा बदलून भागत नाही. 'वर्ष' मधला रफार जुन्या फाइलीत ष च्या नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये र ष च्या आधी येतो. वेलांटीचं बरोबर उलटं. म्हणून विंडोज पुसण्याआधी दोन कामं करावीत. फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते नाव लिहून ठेवावं आणि तिची एक पीडीएफ काढून ठेवावी. तक्ता कुठे चुकला तर ताडून बघायला मूळ अक्षरं समोर राहतात.