मिलिटरी अॅकॅडमीची मुलाखत : तयारी घरापासून



आपली मुले डॉक्टर-इंजिनिअर होतात याचे कोणाला नवल वाटत नाही. पण एखादी मुलगी जेवताना "मला वेस्ट पॉइंटला जायचंय" म्हणाली, की घरात शांतता पसरते. आजोबांना खडकवासल्याची एनडीए ठाऊक असते, इथली पद्धत मात्र कोणालाच नीट माहीत नसते. त्यासाठी ही माहिती.

वेस्ट पॉइंट (भूदल), अॅनापोलिस (नौदल), कोलोरॅडो स्प्रिंग्ज (हवाई दल) आणि किंग्ज पॉइंट (मर्चंट मरीन) या चारही ठिकाणी अॅकॅडमीच्या अर्जाखेरीज नॉमिनेशन लागते. कोस्ट गार्ड अॅकॅडमीला ते लागत नाही. आपल्या भागाचे काँग्रेसमन आणि राज्याचे दोन्ही सिनेटर या तिघांकडेही अर्ज करावा. पहिल्या तीन अॅकॅडमींसाठी उपराष्ट्राध्यक्षांकडेही करता येतो. "आपली कुठे ओळख आहे?" म्हणून मागे राहू नका, ओळख लागत नाही. ज्युनियर इयरच्या वसंतातच त्यांच्या ऑफिसची वेबसाइट पाहावी. मुदत बहुधा सीनियर इयरच्या सुरुवातीला संपते आणि त्यानंतर मुलाखती होतात.

एक गोष्ट आपल्या घरांत हमखास राहून जाते. प्रवेशाच्या वेळी अमेरिकन नागरिकत्व हवे, ग्रीन कार्ड पुरत नाही. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल, तो १८ वर्षांच्या आत असेल आणि तुमच्याजवळ, तुमच्या ताब्यात राहत असेल, तर आई किंवा वडील नागरिक झाले की २००१ पासून लागू असलेल्या कायद्याने तोही आपोआप नागरिक होतो. "बघू पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

आता मुलाखत. भारतातल्या एसएसबीसारखे पाच दिवस नसतात, बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते. समोर बहुधा निवृत्त अधिकारी, अॅकॅडमीचे माजी विद्यार्थी आणि गावातले स्वयंसेवक बसतात. (अॅनापोलिस आणि हवाई दलाच्या प्रतिनिधीची मुलाखत वेगळी, तिची गल्लत करू नये.) गुण आणि पदके कागदावर असतातच. विचारतात ते असे: हीच अॅकॅडमी का? आरओटीसी का नको? इथे नाही जमले तर काय करशील? जवळच्या मित्राने कॉपी केलेली दिसली तर? या शेवटच्या प्रश्नामागे ऑनर कोड असतो. वेस्ट पॉइंटचा कोड खोटे बोलणे, फसवणे, चोरी करणे यांना मनाई करतोच, पण असे करणाऱ्याला खपवून घेणेही त्यात बसत नाही. उत्तर पाठ करून जाऊ नये, दुसऱ्याच प्रश्नात उघडे पडते.

"शिक्षण फुकट आहे" हे उत्तर तर नकोच. पहिल्या तीन अॅकॅडमींत त्या फुकट शिक्षणापुढे किमान पाच वर्षांची सक्रिय नोकरी असते, आणि त्यात युद्धावर जाणेही आले. "घरच्यांचं काय म्हणणं आहे?" असेही विचारू शकतात. आईचा जीव खालीवर होतो आहे, बाबा गप्प आहेत, आणि मूल तिथे "सगळे खूश आहेत" म्हणते, तेव्हा अनुभवी माणसाला ते लगेच कळते. आधी घरी बसून बोला. नकार असेल तर तोही मुलाला स्पष्ट सांगा. "आईला काळजी वाटते, आम्ही त्यावर बोललो, अजूनही बोलतो" हे उत्तर माझ्या मते कितीतरी चांगले.

घरी दोनदा सराव घ्या, पण तो शेजारच्या काकांनी घ्यावा, बाबांनी नव्हे. साधा सूट किंवा ब्लेझर, दहा मिनिटे आधी पोचणे, नंतर आभाराचे छोटे पत्र. पालकांनी गाडीतच थांबावे.