पुढचे चाक

आपल्या अंकात गेली काही वर्षे मी बंदरे, आरमारे आणि व्यापारी यांच्यावर लिहीत आलो. यंदा संपादकांचे म्हणणे पडले, "सर, इतिहासच लिहा, पण जरा अलीकडचा." त्याच आठवड्यात अल खुवैरच्या आमच्या घरी एक वाद सुरू झाला, म्हणून विषय शोधावा लागला नाही.

माझा नातू मस्कतमध्येच जन्मला आणि वाढला. कोल्हापूरच्या घरी माझी १९६६ ची ३५० सीसी बुलेट आहे. मी प्राध्यापकीला लागल्यावर जुनीच घेतली होती. दर सुट्टीत हा मुलगा तिच्याशी खटपट करतो. या वेळी म्हणाला, "आजोबा, पुढचं चाक बदलू या. नंतरच्या बुलेटचं डिस्कवालं बसतं." मी ताबडतोब "नाही" म्हणालो, आणि पुढचे तीन दिवस त्या "नाही"चे कारण शोधत बसलो. जन्मभर विद्यार्थ्यांना "पुरावा काय?" म्हणून छळले, आता नातू तेच विचारीत होता.

कारण शोधायला मागे दुसऱ्या महायुद्धापर्यंत जावे लागते. ब्रिटिश सैन्यासाठी त्या काळात मोटारसायकली लाखांनी बनल्या. एकट्या बीएसए एम २० या ५०० सीसी गाडीची संख्या सव्वा लाखाच्या पुढे गेली. नॉर्टन १६ एच होती, मॅचलेस जी ३ एल होती. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानातला लष्करी माल विक्रीला निघाला. बोलीत त्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत. त्यातून या गाड्या मुंबई, पुणे, बेळगाव, कोल्हापूरकडच्या हौशी माणसांच्या हाती आल्या. गाडी स्वस्तात मिळाली, तरी सुटे भाग कुठून आणायचे? परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरची बंधने, यांमुळे बर्मिंगहॅमहून ब्रेक ड्रम मागवणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट उरली नाही. मग एका गाडीचे चाक दुसरीला, दुसरीचा फोर्क तिसरीला. आपल्याकडची ही टाकाटाकी अशी गरजेतून सुरू झाली, हौस फार नंतर आली.

एक गोष्ट तिच्या पथ्यावर पडली. सैन्याच्या या बहुतेक गाड्यांचे टायर एकाच मापाचे होते, ३.२५ बाय १९. त्यामुळे "चाक तर सारखंच आहे" असे वाटायचे. सारखे होते फक्त रिम आणि टायर. हबची रुंदी, आसाची जाडी, ड्रम डावीकडे की उजवीकडे, ब्रेकची थाळी फोर्कला कुठे अडकते, हे सगळे प्रत्येक कंपनीचे निराळे.

माझ्या धाकट्या काकांकडे अशीच एक एम २० होती. पुढचा फोर्क जुन्या पद्धतीचा, गर्डरचा. ब्रेक इतका मवाळ की काका म्हणत, "हा ब्रेक गाडी थांबवत नाही, विनंती करतो." १९६७ च्या उन्हाळ्यात त्यांना पुण्याच्या जुन्या बाजारात नॉर्टनचे ८ इंची ड्रमाचे पुढचे चाक सापडले. ते त्यांनी पोत्यात घालून एसटीच्या टपावरून कोल्हापूरला आणले. शिवाजी उद्यमनगरात लेथची वाण नव्हती. आसाला बुश करून घेतले, स्पोक ओढून रिम मधोमध आणली, चाकाचा आउट काढला. थाळी अडकवण्याची जागा मात्र जुळेना. तेव्हा मेस्त्रींनी एक लोखंडी पट्टी कापून थाळीपासून फोर्कपर्यंत लावली आणि दोन्ही टोकांना बोल्ट मारले.

ही पट्टी म्हणजे टॉर्क आर्म. ब्रेक दाबला की शू ड्रमला धरतात, आणि फिरता ड्रम शूंसकट सगळ्या थाळीला आपल्याबरोबर फिरवू पाहतो. तिला रोखून धरते ती ही पट्टी. जितका ब्रेक चांगला, तितका पट्टीवरचा जोर जास्त. काकांनी ब्रेक ८ इंची आणला होता, आणि पट्टीचा एक बोल्ट कपाटाच्या फळीला लावण्याच्या लायकीचा होता.

मे महिन्यात कणकवलीला लग्न होते. दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरायला लागलो. मी मागे बसलो होतो, सोळा वर्षांचा. तिसऱ्या की चौथ्या वळणावर काकांनी पुढचा ब्रेक नीट दाबला, बोल्ट तुटला, थाळी चाकाबरोबर गरकन फिरली आणि ब्रेकची केबल आसाभोवती गुंडाळली गेली. केबल आवळली की शू आणखी उघडतात, म्हणजे ब्रेक आणखी लागतो. चाक जागच्या जागी थांबले. मी करवंदीच्या जाळीत पडलो, म्हणून ओरखड्यांवर भागले. काकांचा गुडघा दगडावर आपटला. तो पाय पुढे कधी पूर्ण वाकला नाही. मांडी घालून पंगतीला बसणारा माणूस उरलेले आयुष्य खुर्चीवर जेवला.

आमच्या घरात याचा अर्थ एकच लावला गेला: दुसऱ्या गाडीचे चाक लावायचे नाही. काकांनी आणखी एक अर्थ लावला, तो जास्त घातक होता. पुन्हा गाडी चालवू लागल्यावर त्यांनी पुढच्या ब्रेकला हातच लावला नाही. वास्तविक ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होते. थांबवण्याचे मोठे काम पुढच्याच चाकाने करायचे असते. मीही काकांचेच पाहून शिकलो. माझ्या बुलेटचा ६ इंची पुढचा ब्रेक मी इतकी वर्षे नावापुरता दाबला. हे माझ्या ध्यानात आले नव्हते, नातवाच्या आले. "तुम्ही तर पुढचा ब्रेक वापरतच नाही," तो म्हणाला. गप्प बसावे लागले.

आता इतिहासकार म्हणून दुसरी बाजू. चाकांची ही अदलाबदल फक्त गरिबांच्या गल्लीत झाली असे नाही, खुद्द कारखान्यांनी केली. मॅचलेस आणि एजेएस बनवणाऱ्या कंपनीने १९५३ मध्ये नॉर्टन विकत घेतली, आणि १९६४ पासून मॅचलेसला चक्क नॉर्टनचे फोर्क आणि ब्रेक लागू लागले. बीएसएने १९५१ मध्ये ट्रायम्फ घेतली होती. १९६८ मध्ये दोन्ही नावांच्या मोठ्या गाड्यांना एकच ८ इंची 'ट्विन लीडिंग शू' ब्रेक आला. तेव्हा "मूळ" मॅचलेस कोणती, १९६३ ची की १९६४ ची? मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते, रथ म्हणजे काय, आस, चाके, की धुरा? तो प्रश्न आमच्या गल्लीतल्या गॅरेजातही लागू पडतो. मात्र नागसेनाला घाट उतरायचा नव्हता.

'लीडिंग शू'बद्दल दोन शब्द, कारण चूक इथेच होते. साध्या ड्रम ब्रेकमध्ये दोन शू असतात. ड्रमच्या फिरण्यामुळे एक शू आपोआप आत ओढला जातो, दाराखाली पाचर रुतावी तसा. दुसरा उलट बाहेर ढकलला जातो. ट्विन लीडिंग प्रकारात दोन्ही शू पाचरीसारखे रुततात, म्हणून ब्रेक जोरदार. परंतु तीच थाळी डावीकडची उजवीकडे बसवली, की तिच्या दृष्टीने चाक उलटे फिरते आणि दोन्ही शू बाहेर ढकलले जातात. दिसायला सगळे झकास, ब्रेक मात्र पूर्वीपेक्षाही वाईट. अशा ब्रेकची गाडी चढावर मागे घसरू लागली तरी तो नीट धरत नाही, ते याच कारणाने.

चाकाचे मापही गंमत करते. १९ इंची काढून १८ इंची लावले तर घेर सुमारे ४ टक्क्यांनी कमी होतो. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालत असेल तर तो तेवढा जास्त वेग दाखवतो, आणि गाडीचे नाक खाली आल्याने हँडल चंचल होते.

या सगळ्यात स्कूटर मात्र शहाणी निघाली. व्हेस्पा रचणारे कोराडिनो दास्कानिओ हे विमानांचे अभियंते. त्यांनी पुढचे चाक एकाच बाजूने धरले, म्हणून ते मोटारीच्या चाकासारखे नट काढून निघते. पुढचे, मागचे आणि स्टेपनी, तिन्ही एकच. आकुर्डीच्या चेतकवर हे चाक बदलले नाही असा आमच्या पिढीतला मराठी गृहस्थ विरळा. बायको-मुले रस्त्याच्या कडेला उभी आणि आपण स्कूटर आडवी करून पाना शोधतो आहोत, हे दृश्य इथल्या पहिल्या पिढीला सांगायला नको.

डिस्कचा ओघ आपल्याकडे उशिरा आला. होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० ला पुढे डिस्क दिली. जपानच्या यामाहा आरडी ३५० लाही ती होती. पण १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने तीच गाडी 'राजदूत ३५०' म्हणून भारतात आणली तेव्हा पुढे ७ इंची ड्रम आला. त्या वेगाला तो पुरत नाही असे पुष्कळांचे मत होते, आणि पुढे सीबीझेड, पल्सर या गाड्या डिस्क घेऊन आल्यावर राजदूतवाले त्यांची चाके शोधू लागले.

ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो, आणि हाताला लिव्हर पोकळ लागते. डिस्क उघड्या वाऱ्यात असते, लवकर निवते. जबल अख्दरला गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. बिरकत अल मौजच्या चौकीवर फोर-व्हील ड्राइव्ह असल्याशिवाय मोटारीला वर सोडत नाहीत, त्यामागे उताराची आणि तापलेल्या ब्रेकचीच भीती आहे. १९७० पर्यंत ज्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १० किलोमीटर होता, तिथे आज आपण दोन हजार मीटर उंचीवर चहा प्यायला जातो.

कायद्याचाही मुद्दा निघाला. भारतात २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळू शकते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. ब्रेकचे नाव त्यात नाही. तरीही दुसरीकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, म्हणून नातवाला म्हणालो, आधी आरटीओत विचार, लेखी घे, मगच पान्याला हात लाव. त्याला तो सगळा म्हाताऱ्याचा चालढकलपणा वाटला. थोडा होताही.

शेवटी असे ठरले. फ्रेमवर एकही वेल्डिंग नाही, एकही भोक नाही. नंतरच्या बुलेटचा अख्खा पुढचा संच घ्यायचा: फोर्क, हब, २८० मिमीची डिस्क. ड्रमच्या फोर्कला कॅलिपर धरण्याची जागाच नसते, आणि तिथे कुणाच्या हातची पट्टी मला नको होती. दोन वाघडोळे दिवे असलेले बुलेटचे तोंड तसेच राहील. जुना फोर्क, ६ इंची ड्रम, थाळी आणि तिचे बोल्ट तेल लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवायचे. पोत्यावर त्याने इंग्रजीत आणि मी मराठीत चिठ्ठी लावली आहे, कोणता वायसर कुठला ते लिहून.

कॅलिपरचे बोल्ट त्याने कंपनीचे घेतले. आवळतानाचा फोटो मला पाठवला, टॉर्क पान्याचा आकडा दिसेल असा. मी तो मोठा करून दोनदा पाहिला.

डिसेंबरात फोंडा घाट उतरायचा बेत आहे. मागे मी बसणार आहे.